चर्चमागची शाळा

अहो, ऐकलंत का? बी विंगमधल्या वहिनी चर्चमागच्या शाळेत गेल्या होत्या, नातवासाठी. हो, तीच, वर्गात जेमतेम वीस-बावीस पोरं असतात ती. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळी फाइल बगलेत! म्हणे, आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत आपला बसतोच. क्लार्कबाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘काकू, आमची मायनॉरिटी स्कूल आहे, ते आम्हाला लागू नाही.’ चेहरा असा उतरला वहिनींचा... पर्स उघडली, चष्मा काढला, परत ठेवला. आता सुप्रीम कोर्टाने 2014 सालीच सांगितलंय ना, अल्पसंख्याकांच्या शाळा, अनुदानित असोत की विनाअनुदानित, आरटीईच्या बाहेर. शिवाय ते फॉर्म ऑनलाइन भरायचे असतात, शाळेच्या खिडकीवर नाही. पण वहिनींना सांगणार कोण?

तर काय सांगत होते... हां, प्रार्थना! आमच्या जाऊबाईंना तेवढीच धास्ती. ‘पोर देवघरापुढे आमेन म्हणेल हो!’ मी म्हटलं, सावित्रीबाई फुले नगरला मिशनरी मिस फरारबाईंकडे ट्रेनिंग घेऊन आल्या, त्यांचं काही बिघडलं का? आणि घटनेच्या 28व्या कलमात आहेच की, सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला गेली की बाकीच्यांना व्हॅल्यू एज्युकेशन. मराठी तर 2020च्या कायद्यापासून सगळ्यांनाच सक्तीचं. जाऊबाई गप्प. मग हळूच विचारतात कशा, ‘पण नाताळच्या नाटकात घेतील ना त्याला? मेंढपाळ तरी?’

फीचं मात्र विचारून घ्या बाई, आधीच. 2011च्या फी कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी ठेवावी लागते, आणि समितीतले पालक कसे निवडायचे? चिठ्ठ्या टाकून! यंदा चिठ्ठी कोणाची निघाली ठाऊक आहे? चारशे तीनवाल्यांची. भाजीवाल्याशी रुपयासाठी अर्धा तास हुज्जत घालतात ना, त्याच. प्रिन्सिपल सिस्टरनी वाढीव आकडा वाचला, तर ह्या म्हणाल्या, ‘मागच्या वर्षीच ठरली ना? ती दोन वर्षं बदलत नाही.’ सिस्टर चष्म्यावरून बघतच राहिल्या म्हणे. तेव्हापासून जिन्यात काय रुबाब आहे त्यांचा!

शाळा वाईट नाही हो. सिस्टर गेटवर उभ्या असतात, प्रत्येक पोराला नावाने हाक मारतात. माझ्या भाचीच्या मुलाने चार दिवस डबा तसाच परत नेला, तर टीचरचा घरी फोन. मोठ्या शाळेत कोण बघतंय? पण लहान म्हणजे लहानच. गणिताच्या टीचर दिवाळीत सोडून गेल्या आणि जानेवारीपर्यंत बीजगणित शिकवलं पीटीच्या सरांनी! शिट्टी गळ्यात तशीच.

आणि मान्यता कितवीपर्यंत आहे, ते कोणी विचारतच नाही. आठवीपर्यंतच आहे ती! डॉक्टरांच्या सूनबाईंना हे कधी कळलं, तर मुलगा सातवीत गेल्यावर. आता नववीसाठी पायपीट चाललीय. एका शाळेने म्हणे डोनेशन मागितलं, पावतीशिवाय. 1987च्या कायद्याने बंदी आहे, तरी मागतातच. किती? तो आकडा... थांबा, जरा इकडे या, त्यांच्या सासूबाई खिडकीत बसल्यात.