तिसरं खातं कुठलं?

रिक पेरी बोटं मोजायला लागले तेव्हा अगदी खुशीत होते. ९ नोव्हेंबर २०११ची रात्र. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठाचं सभागृह आणि रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांची टीव्हीवरची चर्चा. पेरी तेव्हा टेक्सासचे गव्हर्नर. भांगापासून काउबॉय बुटांपर्यंत कडवे सरकारविरोधी. ते म्हणाले, मी राष्ट्राध्यक्ष झालो की वॉशिंग्टनमधली तीन खाती बंद. पहिलं वाणिज्य. दुसरं शिक्षण. आणि तिसरं...

बोट हवेतच राहिलं.

शेजारी उभे असलेले रॉन पॉल म्हणाले, तीन कशाला, पाच बंद करा. कुणीतरी मागच्या बाकावरून उत्तर सांगावं तसं पर्यावरणाचं नाव पुटपुटलं. सूत्रसंचालकाने विचारलं, हेच का ते? पेरी म्हणाले, नाही. मग पुन्हा वाणिज्य, पुन्हा शिक्षण, पुन्हा हवेतलं बोट. जवळजवळ मिनिटभर हे चाललं. तोंडी परीक्षेत ज्याची कधी दातखीळ बसली असेल त्यालाच त्या मिनिटाची लांबी कळेल. शेवटी ते 'ऊप्स' म्हणाले आणि त्यांची उमेदवारी तिथेच आटोपली. कागदोपत्री जानेवारीपर्यंत रेंगाळली, एवढंच.

राहून गेलेलं खातं होतं ऊर्जा. पुढे २०१७मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पेरींना मंत्री केलं. कुठल्या खात्याचं, हे सांगायला हवं का?

सिनेटच्या समितीपुढे बसले तेव्हा पेरी नम्रपणे म्हणाले की, खात्याचं काम समजून घेतल्यावर ते बंद करण्याच्या शिफारशीचा आपल्याला पस्तावा होतो आहे. पस्तावा होणारच. पाटीवर 'ऊर्जा' असलं तरी अमेरिकेची अण्वस्त्रं बनवण्याचं आणि सांभाळण्याचं काम याच खात्याकडे आहे. लॉस अलामोससकट १७ राष्ट्रीय प्रयोगशाळा याच खात्याच्या. म्हणजे २०११ साली हा गृहस्थ अणुबॉम्बच्या कोठाराला टाळं लावायला निघाला होता, आणि बहुधा ते त्याच्या गावीही नव्हतं. आपल्याकडे भाऊ भांडून वाटण्या करतात, तेसुद्धा विहीर कुठल्या गटात आहे ते आधी बघून घेतात.

खुर्चीत बसल्यावर बाजारपेठेच्या या निस्सीम भक्ताने काय करावं? बाजारात मार खाणाऱ्या कोळशाच्या आणि अणुऊर्जेच्या वीजकेंद्रांना जादा पैसे मिळावेत, असा प्रस्ताव घेऊन तो त्याच वर्षी वीज नियामक आयोगाच्या दारात गेला. आयोगाच्या पाचपैकी चार सदस्यांना ट्रम्प यांनीच नेमलं होतं. जानेवारी २०१८मध्ये पाचही जणांनी एकमताने 'नाही' म्हटलं.

इथे एक कबुली देतो. मर्यादित सरकारचा विचार मला मनापासून पटतो. एका उताऱ्यासाठी तीन खिडक्या फिरलेल्या कुठल्याही मराठी माणसाला तो पटेल. सरकारने मोजकीच कामं करावीत, ती नीट करावीत, उरलेल्या वेळी लोकांच्या वाटेत उभं राहू नये. यात चूक काय? म्हणूनच अमेरिकी उजव्यांकडे बघून चीड येते. त्यांच्यासाठी ही आरती आहे. टाळ्या वाजवून रोज म्हणायची, पण नजर प्रसादाच्या ताटावर.

या आरतीचे थोर गायक म्हणजे रोनाल्ड रीगन. १९६१ सालची गोष्ट. रीगन तेव्हा नट होते. म्हाताऱ्यांच्या इस्पितळाचा खर्च सरकारने उचलावा अशी चर्चा अमेरिकेत सुरू झाली आणि डॉक्टरांची संघटना घाबरली. त्यांनी रीगन यांच्या आवाजात एक ग्रामोफोनची तबकडी काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, कप हातात दिले की तबकडीवर पिन टेकवायची. मग तो गोड आवाज सांगणार की, ही योजना आली तर समाजवाद मागच्या दाराने घरात शिरेल, आणि म्हातारपणी नातवंडांना सांगत बसावं लागेल की एके काळी या देशात माणूस स्वतंत्र होता. कॉफी संपली की बायकांनी तिथल्या तिथे आपल्या खासदाराला पत्र लिहायचं. हळदीकुंकवाला बोलवून राजकारण करणारी मंडळी आपल्याकडेही आहेत.

तरीही १९६५मध्ये ती योजना आलीच. तिचं नाव मेडिकेअर. रीगन १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच भाषणात म्हणाले की, सध्याच्या संकटावर सरकार हा उपाय नव्हे, सरकार हीच अडचण आहे. आठ वर्षं ते त्या अडचणीच्या शिखरावर बसून होते. मेडिकेअर बंद केलं? नाही. उलट १९८८मध्ये ते वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. शिक्षण खातं बंद करू म्हणाले होते, तेही शाबूत राहिलं. जाता जाता माजी सैनिकांसाठी एक नवं कोरं खातं काढून गेले. देशाचं कर्ज त्यांच्या काळात जवळपास तिप्पट झालं. इतकी मोठी अडचण एकट्याने सांभाळायची म्हणजे खर्च हा येणारच!

आता पेरींच्या यादीचं पुढे काय झालं ते बघू. ट्रम्प दुसऱ्यांदा आले ते २०२५च्या जानेवारीत, आणि यावेळी सोबत इलॉन मस्क होते. सरकार कापायला एक 'खातं' काढलं, जे कायद्याने खातं नव्हतंच. मस्क आधी म्हणाले दोन लाख कोटी डॉलर वाचवू, मग म्हणाले एक लाख कोटी, आणि मे महिन्याच्या अखेरीस म्हणाले येतो. दरम्यान केंद्राच्या वीस लाखांहून जास्त नोकरांना ईमेल गेली : गेल्या आठवड्यात काय काम केलंत ते पाच मुद्द्यांत लिहा. सरकारी कागद कमी करायला निघालेल्यांनी एका दमात वाढवलेला हा बहुधा जगातला सर्वांत मोठा सरकारी कागद असावा. त्या आर्थिक वर्षाचा हिशेब लागला तेव्हा केंद्राचा खर्च सात लाख कोटी डॉलरच्या घरात होता. आदल्या वर्षीपेक्षा जास्त.

ऊर्जा खात्यात तर बहारच झाली. फेब्रुवारीतल्या कपातीत अण्वस्त्रांची देखभाल करणाऱ्या विभागातल्या माणसांनाही नारळ दिला गेला. एक-दोन दिवसांत कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि बहुतेकांना परत बोलवायची धावपळ सुरू झाली. पण बोलवणार कसं? त्यांच्या ऑफिसच्या ईमेल बंद करून टाकलेल्या. घरचे नंबर शोधा, ओळखीच्या माणसाकडून निरोप धाडा. चौदा वर्षांनीही तिसऱ्या खात्याचं नेमकं काम काय हे यांना आठवत नव्हतं.

दुसरं खातं शिक्षण. मार्चमध्ये ते गुंडाळण्याचा आदेश निघाला आणि जवळपास निम्मी माणसं कमी करायचं जाहीर झालं. शिक्षण हा राज्यांचा आणि आईबापांचा प्रश्न, वॉशिंग्टनने त्यात नाक खुपसू नये. छान. मग एप्रिलमध्ये त्याच वॉशिंग्टनने हार्वर्ड विद्यापीठाला कळवलं की प्रवेश कुणाला द्यायचा, नेमणुका कशा करायच्या, कुठल्या विभागांची झाडाझडती घ्यायची. विद्यापीठ नाही म्हणाल्यावर २२० कोटी डॉलरचं अनुदान अडवलं. नाक बाहेर काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

पण पहिला नंबर वाणिज्य खात्याचाच. पेरींना ते न अडखळता आठवलं होतं, तीनतीनदा. ऑगस्टमध्ये याच खात्याच्या पुढाकाराने अमेरिकी सरकारने इंटेल कंपनीचे जवळपास दहा टक्के शेअर ८९० कोटी डॉलरना घेतले. खाजगी कंपनीत सरकारची भागीदारी! हेच ओबामांनी जनरल मोटर्समध्ये केलं होतं, तेव्हा फॉक्स न्यूजच्या निवेदकांना ऑक्सिजन लावायचीच वेळ आली होती.

महिनाभरात, सप्टेंबरच्या एका शुक्रवारी संध्याकाळी, परदेशी नोकरदारांना लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी आली. तेव्हाच्या भावाने आपले ८८ लाख रुपये. कंपनीने कुणाला नोकरी द्यावी हा कंपनीचा प्रश्न, सरकारने मध्ये पडू नये, हे वाक्य त्याच पक्षाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. पुण्यात त्या शनिवारी सकाळी निम्म्या आयटीवाल्यांच्या आया देवापुढे आणि उरलेल्या व्हॉट्सॲपपुढे बसल्या होत्या. फी फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा नंतर आला.

आपण हसावं अशी आपली परिस्थिती नाही. काँग्रेसमधल्या उजव्यांचे पुढारी म्हणून मोरारजी देसाईंचं नाव घेतलं जायचं. खाजगी उद्योगांना ते आपले वाटत. त्याच मोरारजींच्या कारभारात मुंबई इलाख्यात प्यायला परवाना लागू लागला, आणि तो कायदा आजही महाराष्ट्राच्या बोकांडी आहे. तब्येतीसाठी पितो असं सरकारला कागदावर पटवून मगच पेला उचलायचा. पुढे ते केंद्रात अर्थमंत्री असताना १९६३मध्ये फर्मान निघालं की नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत. म्हणजे उजव्या मंत्र्याचं सरकार थेट मंगळसूत्राच्या वाट्यांत. बिचाऱ्या सोनारांचे संसार त्यात उघड्यावर आले.

आणि ज्या पक्षाने मर्यादित सरकारचा झेंडा खरोखर खांद्यावर घेतला, तो राजाजींचा आणि आपल्या मुंबईच्या मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष? 'लायसन्स-परमिट राज' हा शब्दच राजाजींचा. १९६७मध्ये ४४ खासदार आले, लोकसभेत तोच सर्वांत मोठा विरोधी पक्ष. राजाजी-मसानींची तळमळ खरी होती, यात मला शंका नाही. पण सभेला गर्दी खेचायला सोबत होते राजेमहाराजे, आणि राजेमहाराजांना सरकारी तिजोरीतून तनखा मिळे. तो बंद करायची भाषा इंदिराबाईंनी काढली, तेव्हा सरकारचा हा एक खर्च वाचवण्यासाठी स्वतंत्र पक्ष जिवाच्या आकांताने लढला.

मला हे सगळं सुचलं आमच्या भावोजींमुळे. ताई आणि ते न्यू जर्सीत असतात, छत्तीस वर्षं झाली. भावोजी शिकले इथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात; वर्षाची फी इतकी कमी होती की आकडा सांगताना ते स्वतःच हसतात. तिकडे गेल्यावर ते कट्टर रिपब्लिकन झाले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला एकच पाठ असतो : "अरे, गव्हर्नमेंटने फक्त बॉर्डर सांभाळावी. बाकी सगळं माणूस स्वतःचं स्वतः बघतो." भावोजी त्रेसष्ट वर्षांचे आहेत. पासष्टाव्या वर्षी मेडिकेअर मिळतं, आणि त्याला किती महिने उरले हे त्यांना कधीही विचारा, तोंडपाठ आहे. खाजगी विम्याचा हप्ता परवडत नाही म्हणतात. सरकार लहान व्हायलाच हवं, फक्त अजून दोन वर्षांनी.

२०२५च्या नोव्हेंबरात त्यांचा फोन आला तो रविवारी नव्हे, मधल्याच वारी. विमानतळावरून. ऑक्टोबरपासून अमेरिकेचं सरकार बंद पडलं होतं. खर्चाचं विधेयक मंजूर होत नव्हतं. ४३ दिवस चाललं ते, तोवरचं सर्वांत लांब. विमानांना वाट दाखवणारे कंट्रोलर पगाराविना कामावर येत होते, काही येत नव्हते, आणि सरकारने ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला सांगितली होती. भावोजींचं विमान रद्द झालेलं, पुढच्याचा पत्ता नाही. मागे लहान मुलं रडत होती. ताई बॅगेवर बसून डब्यातले मेथीचे ठेपले वाटत होती, शेजारच्या अनोळखी कुटुंबालासुद्धा.

"काय चाललंय काय या गव्हर्नमेंटचं?" भावोजी फोनवर ओरडले. "साधी विमानं उडवता येत नाहीत?"

"भावोजी, सरकार लहान झालंय," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणत होतात."

"अरे, हे नाही रे! हे लागतं. मी म्हणतो ते फालतू खर्च. ते बंद करा."

"कुठले? तीन सांगा."

"तीन काय, तीस सांगतो. एक, परदेशांना वाटतात ती मदत." यांना इथली कुठलीच मदत आता लागत नाही. "दोन, कॉलेजच्या पोरांची कर्जं." यांची दोन्ही मुलं शिकून नोकरीला लागली.

"आणि तिसरं?"

पलीकडे मुलाचं रडणं ऐकू येत होतं. ताई कुणाला तरी लोणचं हवं का विचारत होती.

"तिसरं म्हणजे ते रे... ते आपलं... थांब जरा, काहीतरी अनाउन्समेंट होतेय."