कोनशिलांचा मुलूख

इजिप्तची देवळं पाहायला जाताना सोबत इतिहासाचा जाणकार असावा म्हणतात. आमच्यासोबत मेव्हणे होते, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात कोनशिला बसवण्यात आणि सरकार बदललं की त्या बदलण्यात गेलेली. त्यामुळे लक्सरला त्यांना जे दिसलं, ते आमच्या गाइडलाही नवीन होतं.

कर्नाकच्या देवळातल्या एकाच दालनात १३४ खांब आहेत. मधले बारा तर २१ मीटर उंच. सगळे पर्यटक माना मोडेस्तोवर वर बघत होते. मेव्हण्यांनी मात्र पहिला प्रश्न टाकला, "काम कुणाच्या काळातलं?"

"सेती राजानं सुरू केलं, मुलानं म्हणजे दुसऱ्या रामसेसनं पूर्ण केलं."

"म्हणजे भूमिपूजन बापाचं, उद्घाटन पोराचं. नाव कुणाचं मोठं?"

गाइडनं मुकाट्यानं रामसेसकडे बोट दाखवलं. हा गृहस्थ जुन्या राजांच्या पुतळ्यांवरही आपलं नाव कोरून घ्यायचा. कादेशची लढाई बरोबरीत सुटली, तरी विजयाची चित्रं त्यानं देवळोदेवळी काढवली. मेव्हणे म्हणाले, "दाजी, माहिती खातं तेव्हाही जोरात होतं."

पुढे हत्शेपसुत राणीचा अखंड ग्रॅनाइटचा स्तंभ. तिच्यामागून तिसऱ्या थुतमोसनं ठिकठिकाणी तिचं नाव छिन्नीनं खरवडलं आणि या स्तंभाभोवती भिंत घातली. झालं उलटंच. भिंतीआड खालचा भाग ऊनवाऱ्यापासून वाचला. "सूडबुद्धीनं केलेलं एवढं टिकाऊ काम आमच्या खात्यातसुद्धा झालं नाही," मेव्हण्यांनी शेरा मारला.

नाइल ओलांडून पश्चिमेला गेलो. राजांच्या खोऱ्यात एका तिकिटात तीन थडगी; तुतानखामुनचं तिकीट वेगळं. मेव्हण्यांनी तीनवर समाधान मानलं.

मेदिनेत हाबूला तिसऱ्या रामसेसचं देऊळ आहे. इथली अक्षरं इतकी खोल कोरलीत की खाचेत अख्खा पंजा जातो. मेव्हण्यांनी घालून पाहिला. "आता हे खोडायचं म्हटलं तर भिंतच पाडावी लागेल. हुशार माणूस!"

या हुशार माणसाच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इ.स.पूर्व ११५७च्या सुमारास, थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं धान्य थकलं. त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळांपाशी जाऊन बसले. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप. नावाला दगड कमी पडला नाही, पगाराला गहू कमी पडला! मेव्हणे पहिल्यांदाच गप्प झाले. त्यांचीही थकबाकी अडकली आहे.

हे कारागीर राहायचे ते देर-अल-मदिना गाव जवळच आहे. गावातल्या कारागिरांचं एक हजेरीपत्रकही सापडलंय. चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेलं, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये. गैरहजेरीची कारणं: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळायची होती. "शेवटचा माणूस प्रामाणिक," मेव्हणे म्हणाले. "आमच्याकडे त्यानं आजीला मारलं असतं."

गावातच सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. राजांची जवळपास सगळी थडगी चोरांनी धुऊन नेली. हे १८८६मध्ये जसंच्या तसं सापडलं. वाकून, अरुंद पायऱ्या उतरून आत गेलो. रखवालदारानं हातात पुठ्ठ्याचा तुकडा दिला. वारा आपणच घालून घ्यायचा, बक्षिशी त्याला द्यायची. आतली खोली एवढीशी, पण पिवळाधमक रंग काल लावल्यासारखा.

"सरकारी रंग कुठं मुरला ते कळलं," मेव्हणे पुटपुटले.

समोरच्या भिंतीवर परलोकातलं शेत. सेन्नेजेम नांगर धरून चाललाय, मागून बायको बी पेरतेय. दोघांच्या अंगावर पांढरेशुभ्र तलम कपडे, चिखलाचा एक डाग नाही. मेव्हण्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"दाजी, शेतकरी नव्हे हा. एवढ्या परीटघडीत नांगर फक्त फोटोपुरता धरतात."