दुसरी पसंती साहेबांपुरती

७ ऑगस्ट २०२५ रोजी लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरून एका निवडणुकीचा निकाल लागला. मतदार एकूण नऊ. प्रचार नाही, फलक नाहीत, मिरवणूक नाही. बँक ऑफ इंग्लंडच्या पतधोरण समितीला व्याजदर ठरवायचा होता. चौघं म्हणाले, पाव टक्क्यानं उतरवा. चौघं म्हणाले, आहे तिथंच राहू द्या. उरला एक, त्याला थेट अर्धा टक्का उतरवायचा होता. चार, चार आणि एक. बहुमत कुणाकडेच नाही.

मग त्या शहाण्या माणसांनी पुन्हा मतदान घेतलं. अर्धा टक्कावाल्यानं पाहिलं, आपलं काही जमत नाही. मग पाव तर पाव. पाच विरुद्ध चार. दर ४ टक्के झाला. समिती १९९७ साली जन्माला आली, तेव्हापासून दुसऱ्या फेरीची वेळ पहिल्यांदाच आली होती. कुणी भोवळ येऊन पडलं नाही. ब्रिटिश राज्यघटना म्हणून जे काही असतं, तेही जागच्या जागी राहिलं.

नेमकी हीच युक्ती ५ मे २०११ रोजी तमाम ब्रिटिश जनतेपुढे ठेवली होती. मतपत्रिकेवर एका नावापुढे फुली मारण्याऐवजी १, २, ३ असे आकडे लिहा. पहिला बाद झाला तर तुमचं मत दुसऱ्याला जाईल. जनतेला सांगण्यात आलं की हे किचकट आहे, खर्चिक आहे, आणि असलं काही ऑस्ट्रेलिया सोडला तर फिजी आणि पापुआ न्यू गिनीतच चालतं. ६७.९ टक्के मतदारांनी ‘नको’ म्हटलं.

थोडक्यात, घराचा हप्ता ठरवायला दुसरी पसंती चालते, खासदार ठरवायला चालत नाही.

आधी हप्त्याचं बोलू, कारण अलीकडे तिकडची सरकारं त्यालाच अडखळून पडतात. आपल्याकडे गृहकर्ज बहुतेक फ्लोटिंग. दर चढला की बँक हप्ता तेवढाच ठेवते आणि गुपचूप मुदत लांबवते. गृहस्थाला पत्ता लागतो तोवर कर्जफेड निवृत्तीच्या पलीकडे गेलेली असते. ब्रिटनमध्ये दुखणं निराळं. तिथं दोन किंवा पाच वर्षांसाठी दर पक्का करून घेतात. तेवढ्या काळात बाहेर काहीही होवो, आपला हप्ता हलत नाही. मुदत संपली की नवा करार, त्या दिवशी बाजारात जो भाव असेल त्या भावानं. डिसेंबर २०२१च्या मध्यापर्यंत बँकेचा दर होता ०.१ टक्के. मग लागोपाठ चौदा वेळा वाढला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५वर पोचला. २ लाख पौंडांचं, २५ वर्षांचं कर्ज घ्या. २ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता बसतो ८४८ पौंड, ६ टक्क्यांनी १,२८९. घर तेच, स्वयंपाकघरातली ओल तीच, आणि दर महिन्याला ४४१ पौंड जास्त. असं पत्र दारातल्या फटीतून आत पडलं की माणूस पक्ष बदलायचा विचार करतो.

त्यात २३ सप्टेंबर २०२२ उजाडला. लिझ ट्रस पंतप्रधान, क्वासी क्वार्टेंग अर्थमंत्री. ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसे कुठून आणणार, हे सांगायचं राहून गेलं. रोखेबाजार उन्मळला, पौंड डॉलरपुढे इतका घसरला की तसा पूर्वी कधी घसरला नव्हता, आणि पाचव्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडला स्वतः रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. गृहकर्जाच्या शेकडो योजना बँकांनी रातोरात मागे घेतल्या. दोन वर्षांच्या पक्क्या दराची सरासरी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास होती, ती महिनाभरात साडेसहाच्या वर गेली. या लिझबाईंना पंतप्रधान केलं होतं हुजूर पक्षाच्या ८१,३२६ सदस्यांनी. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी महापालिकेच्या दोन-चार प्रभागांत एवढी मतं पडतात. अख्ख्या देशाचा हप्ता त्यांनी ठरवला.

न्यायाची गोष्ट करायची तर चौदाही वाढींचं पाप बाईंच्या माथी मारता येत नाही. महागाई जगभर होती, दर सगळीकडेच चढत होते, त्यातले बरेच त्या येण्याआधी आणि गेल्यानंतर चढले. पण मतदाराला रागवायला चेहरा लागतो. ‘जागतिक पुरवठा साखळी’वर रागावता येत नाही. ४ जुलै २०२४ला साऊथ वेस्ट नॉरफोकच्या मतदारांनी लिझबाईंना ६३० मतांनी घरी पाठवलं आणि देशानं त्यांच्या पक्षाला १२१ जागांवर आणून ठेवलं.

आता आलेल्या सरकारचा हिशेब पाहा. सर किअर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला मतं ३३.७ टक्के, जागा ६५० पैकी ४११. म्हणजे ६३ टक्के सभागृह. मतदानाला आले साठ टक्के. नोंदणी झालेल्या पाच मतदारांत एकानं मजूर पक्षाला मत दिलं आणि पर्वताएवढं बहुमत उभं राहिलं. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२.२ टक्के मतं, जागा ७२. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूकेला त्याहून जास्त, १४.३ टक्के, आणि जागा मोजून पाच. हे गणित घेऊन कुणी बँकेत गेला आणि म्हणाला, ‘साहेब, चौतीस टक्के डिपॉझिट भरलंय, आता त्रेसष्ट टक्के घर माझ्या नावावर करा, बाकीच्यांना जिन्याखाली झोपू द्या,’ तर मॅनेजर आधी पाणी देईल आणि मग सिक्युरिटीला बोलावेल. तीच बँक कर्जदाराचा दर मात्र दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत मोजते.

हा प्रकार मजूर पक्षाला ठाऊक नाही असं कोण म्हणेल? लिझबाईंच्या अर्थसंकल्पानं बाजार कोसळत होता, त्याच दिवसांत लिव्हरपूलला मजूर पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. प्रतिनिधींनी मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात असा ठराव मंजूर केला. नेतृत्वानं तो ऐकला, टाळ्या ऐकल्या आणि ठराव व्यवस्थित घडी करून ठेवला. प्राधान्याचा विषय नाही म्हणे.

घडी घालण्याची या पक्षाला जुनी सवय आहे. १९९७ साली टोनी ब्लेअर ४३.२ टक्के मतांवर ४१८ जागा घेऊन आले. १ मेला निवडणूक झाली आणि ६ मेला अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. पाच दिवसांत. पक्षाच्या जाहीरनाम्यात मतदानाच्या पद्धतीवरही सार्वमत घेण्याचं वचन होतं. त्यासाठी लॉर्ड जेन्किन्स यांची समिती नेमली, १९९८च्या ऑक्टोबरात तिचा अहवाल आला, आणि गेला. सार्वमत ब्लेअर यांच्या दहा वर्षांत झालं नाही. व्याजदर राजकारण्यांच्या हातात ठेवणं धोक्याचं, हे त्यांना आठवड्याच्या आत कळलं. मतदारसंघांची गोष्ट निराळी. ते हातात असलेले बरे असतात.

शेवटी सार्वमत घेतलं ते दुसऱ्यांनीच, २०११ साली, आणि ते ज्या थाटात हरवलं गेलं त्याला दाद द्यायला हवी. लिबरल डेमोक्रॅटचे निक क्लेग यांना खरं तर हवी होती मतांच्या प्रमाणात जागा. पसंतीक्रमाच्या पद्धतीला ते निवडणुकीआधी केविलवाणी तडजोड म्हणाले होते. मग हुजूर पक्षाच्या डेव्हिड कॅमेरॉन यांच्याबरोबर सत्तेत बसले आणि त्याच केविलवाण्या तडजोडीचा प्रचार करत देशभर फिरले. समोर विरोधकांची पोस्टरं. एकावर तान्हं बाळ. संदेश असा की या बाळाला हृदयोपचार केंद्राची गरज आहे, नव्या मतदानपद्धतीची नाही. दुसऱ्यावर सैनिक; त्याला म्हणे गोळीरोधक जाकीट हवं. नव्या पद्धतीला २५ कोटी पौंड लागतील असा त्यांचा हिशेब होता. जणू मतपत्रिकेवर ‘२’ लिहिलं की हॉस्पिटलातली वीज जाते. क्लेग हरले, चार वर्षांनी त्यांचा पक्ष ५७ जागांवरून ८वर आला. तेव्हापासून वेस्टमिन्स्टरमध्ये कुणी या विषयाला हात घातला की ज्येष्ठ मंडळी खोकतात आणि म्हणतात, जनतेनं निकाल दिलाय.

जनतेनं दिलाय खरा. पण वेस्टमिन्स्टरमधल्या साहेबलोकांनी स्वतःला तो कधी लावला नाही. कॉमन्सच्या समित्यांचे अध्यक्ष खासदार निवडतात, तेव्हा पसंतीक्रम लिहितात. मजूर पक्षाचा नेता पसंतीक्रमानं निवडला जातो. स्टार्मर २०२० साली त्याच मतपत्रिकेवर निवडून आले, दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची वेळ आली नाही एवढंच. आणि लॉर्ड्स सभागृह! तिथं १९९९ नंतरही ९२ वंशपरंपरागत सरदारांच्या जागा शिल्लक ठेवल्या होत्या. एखादा सरदार वारला की पोटनिवडणूक व्हायची, तीही पसंतीक्रमानं. २०१६ साली लिबरल डेमोक्रॅट सरदाराची एक जागा रिकामी झाली. उमेदवार सात, मतदार तीन. तिघांनीही पहिली पसंती व्हायकाउंट थर्सो यांना दिली. किचकट असल्याची तक्रार तिघांपैकी कुणीही केली नाही.

आपल्याला हसायला फारशी जागा नाही. दुसरी पसंती म्हणजे काय, हे महाराष्ट्राला जून २०२२ मध्ये रात्रभर जागून कळलं: राज्यसभेच्या सहाव्या जागेवर धनंजय महाडिक निवडून आले, संजय पवार पडले, ते दुसऱ्या पसंतीच्या जोरावर. दहा दिवसांनी विधान परिषद झाली आणि त्याच रात्री सुरतेची वाट धरली गेली. पुढचं सांगायला नको. आमदारांना आकडे लिहिता येतात असं आपण धरून चालतो. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांतही १, २, ३ चालतं, म्हणजे दोनपर्यंत मोजायला आपल्याकडे किमान डिग्री लागते. बाकी जनतेनं एकच बटण दाबायचं. ही पद्धत आपण साहेबाकडूनच घेतली आणि तिचं फळही तसंच: २०१४ साली भाजपला मतं ३१ टक्के आणि जागा २८२.

जाता जाता एक गंमत. पुण्याहून कामाच्या व्हिसावर हॅरोला किंवा हाउन्स्लोला गेलेला इंजिनिअर ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊ शकतो. राष्ट्रकुलाचा नागरिक ना तो. पॅरिसहून येऊन तिथं वीस वर्षं कर भरणाऱ्या फ्रेंच माणसाला तो हक्क नाही. आपल्या इंजिनिअरनं मतदान केंद्रावर भारतीय पासपोर्ट दाखवला तरी भागतं. म्हाताऱ्यांचा बस पासही चालतो, तरुणांचं रेल्वे कार्ड मात्र २०२४ला चालत नव्हतं. कोणत्या वयाची मंडळी कुणाला मत देतात हे ज्यांना माहीत होतं, त्यांनीच ती यादी केली होती. त्याच इंजिनिअरला कोथरूडमध्ये मत द्यायचं असेल तर विमानाचं तिकीट काढून यावं लागतं. त्यामुळे कर्ज तिकडे, हप्ता तिकडे, मतही तिकडे. इकडे फक्त मत मांडायचं, फॅमिली ग्रुपवर.

नव्या सरकारनं काहीच केलं नाही असं मात्र म्हणू नये. सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क देऊ म्हणाले. ओळखपत्र म्हणून बँकेचं कार्ड चालेल म्हणाले. लंडनच्या महापौराला पूर्वी दुसऱ्या पसंतीची मतं मिळत, ती सोय हुजूर पक्षानं काढून घेतली होती. ती परत आणायचं विधेयकही आणलं. महापौर निवडताना लंडनकराला दोनपर्यंत मोजता येतं, हे मान्य झालं. खासदार निवडताना त्याचं डोकं एकावरच अडकतं. डिसेंबर २०२४ मध्ये लिबरल डेमोक्रॅटच्या सारा ओल्नी यांनी मतांच्या प्रमाणात जागा देणारं विधेयक मांडायची परवानगी मागितली, आणि ती १३८ विरुद्ध १३६ अशी दोन मतांनी चक्क मिळाली! सरकारनं अभिनंदन केलं नाही, विरोध केला नाही, वेळही दिला नाही.

एव्हाना चाचण्यांत रिफॉर्म यूके पुढे निघून गेला. १४.३ टक्क्यांना पाच जागा मिळाल्यावर या पद्धतीला शिव्या देणाऱ्यांत फराज यांचा पक्ष पहिला होता. जाहीरनाम्यात पद्धत बदलायचं वचनही होतं. चाचण्यांतले आकडे तिशीच्या आसपास फिरू लागल्यावर स्टार्मर यांना मिळालेलं पर्वताएवढं बहुमत पुढच्या खेपेला कुणाला मिळू शकतं, हे मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या खासदारांना समजू लागलं. प्रमाणशीर जागांची गोडी त्यांच्यापैकी काहींना आता नव्यानं लागेल. निवडून येताना ती लागत नसते.

तोवर श्रेय घेणं चालू. व्याजदर उतरला की मंत्री माइकपुढे येतात, जणू त्या नऊ जणांत दहावे तेच होते. चढला की बँक स्वायत्त असते.

पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९च्या ऑगस्टपर्यंत व्हायलाच हवी. २०२४च्या ऑगस्टमध्ये, दर पहिल्यांदा उतरला तेव्हा, ज्यांनी पाच वर्षांसाठी कर्जाचा दर पक्का केला, त्यांचे करारही त्याच महिन्यात संपतात. सरकारनं ही तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवलेली बरी. बँकांनी ठेवलेली आहेच.