नदीचे कारण

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आमच्या पूर्वजांनी अस्थिर मनुष्याच्या उपहासाकरिता योजिली खरी. परंतु लाओस देशातील वांग विएंग या नदीकाठच्या गावी, स्वतःच्या धडाइतक्या पिशव्या पाठीशी बांधून, ओझ्याने किंचित पुढे वाकून, परंतु चेहऱ्यावर मुक्तीची प्रसन्नता बाळगून हिंडणारी ती देशोदेशींची तरुण मंडळी मी जेव्हा प्रथम पाहिली, तेव्हा विंचवावर आपल्या भाषेने केवढा अन्याय केला आहे याची मला जाणीव झाली. विंचवाला अन्य जागा नसते, म्हणून तो बिचारा बिऱ्हाड वाहतो. ही मंडळी मात्र स्वदेशी प्रशस्त खोली सोडून, हजारो मैल दूर येऊन, एका दालनात आठ-आठ जण माळ्यावर माळा रचून निजतात आणि वर त्याबद्दल पैसे मोजतात.

मी स्वतः महसूल खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला मनुष्य आहे. माझ्या पाठीवर उभ्या हयातीत ओझे म्हणून पडले नाही. दफ्तराचे रुमालसुद्धा शिपाई वाहत असत. माझे कर्तृत्व सारे लेखणीचे, आणि त्यातही शेऱ्याचे. तीन पानी अर्जाची वासलात चार शब्दांत लावावी ती मीच, असा तालुक्यात माझा लौकिक होता. अशा गृहस्थाला बँकॉक येथे नोकरीस असलेल्या भाच्याने, "मामा, आता तरी जरा मोकळे व्हा," असे म्हणून लाओसात आणावे आणि त्या गृहस्थानेही यावे, हा योग विधिलिखित असावा. कारण पत्नीने प्रस्थानसमयी, "पाण्याच्या फार जवळ जाऊ नका हो," एवढीच ताकीद दिली होती, आणि विधीला असल्या ताकिदी नेमक्या ऐकू जातात.

लाओसची राजधानी विएंतियान. तिच्या नावाचा अर्थ चंदनाचे नगर असा लावतात, हे कळताच मला ते माहेर वाटू लागले. रामकथा तेथेही आहे. तिला 'फ्रा लाक फ्रा लाम' म्हणतात, म्हणजे लक्ष्मण आधी आणि राम नंतर. वडीलकीचा हा क्रमभंग मला तेव्हा विशेष वाटला नाही. पुढे नदीच्या काठावर, भाचा आधी आणि मामा नंतर अशा क्रमाने पाण्यात उतरण्याचा प्रसंग आला तेव्हा मात्र त्यातील दूरदृष्टी मला पटली. 3 डिसेंबर 2021 रोजी सुरू झालेल्या चिनी बनावटीच्या रेल्वेने विएंतियानहून वांग विएंग अवघ्या तासाभरावर आणून ठेवले आहे. पूर्वी तेरा क्रमांकाच्या हमरस्त्याने हाच प्रवास चार-चार तास हाडे मोजीत करावा लागे. स्थानकाबाहेर येऊन पाहतो, तो भातखाचरांतून एकदम सरळ उभे राहिलेले चुनखडीचे काळे-करडे कडे, त्यांच्या कुशींत धुके, आणि त्यांच्या पायांशी, आपण येथे केवळ योगायोगाने वाहत आहोत अशा निरिच्छपणाने चाललेली एक उथळ नदी.

त्या नदीचे नाव नाम सोंग. लाओ भाषेत 'नाम' म्हणजे पाणी, हे भाच्याने सांगितले. 'सोंग' म्हणजे काय, हे सांगण्याची मला गरज पडली नाही. अमेरिकनांच्या युद्धकाळी विमाने उतरावीत म्हणून केलेली धावपट्टी अजून या गावाच्या मध्यभागी पसरलेली आहे. परंतु आता आकाशातून येथे जे तरंगते ते पहाटे आणि सायंकाळी पर्यटकांना घेऊन उडणारे रंगीत फुगे. युद्धाचे सोंग टाकून गावाने सौख्याचे सोंग घेतले, यात कोणी वाईट मानू नये. एकंदर व्यवहार बरा झाला.

आमच्या उतारशाळेच्या भिंतीवर करमणुकीचा एक फलक होता. तरुण माणसे असल्या फलकावरची चित्रे पाहतात. मी सवयीने दर, मुदती आणि शर्ती या क्रमाने तो वाचून काढला. होडी वल्हविणे, दोरावरून झाडाझाडांतून लोंबकळत जाणे, कडे चढणे, गुहांत शिरणे, निळ्या डोहात झाडावरून उडी मारणे. ज्या ज्या कृत्यांबद्दल लहानपणी आम्ही वडिलांच्या हातचा मार खाल्ला, त्या सर्वांची ती दरसूची होती. किपमध्ये लिहिलेले ते आकडे पाहून मला प्रथम जमाबंदीचे पत्रक पाहत असल्याचा भास झाला. परंतु एका रुपयास अडीचशेच्या आसपास किप मिळतात हे स्मरल्यावर मी लक्षाधीशाच्या औदार्याने मान डोलावली.

पहिल्या दिवशी भाचा एकटाच नाम साय नावाच्या कड्यावर जाऊन आला आणि वर एक मोटारसायकल उभी असल्याचे त्याने सांगितले. हातापायांनी सरपटत ज्या सुळक्यावर माणसाने पोचावे, तेथे वाहन कोणी नेले, कोणाच्या परवानगीने नेले आणि त्याची नोंद कोणत्या दफ्तरी आहे, या प्रश्नांनी मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी थाम फू खाम या गुहेकडे गेलो. 'थाम' म्हणजे गुहा. मला मात्र प्रत्येक पाटीवर 'थांब' असेच वाचावेसे वाटे. पायथ्याच्या निळ्या डोहात पोरे-पोरी झाडाच्या फांदीवरून किंकाळ्या फोडीत कोसळत होती, आणि वर, ओल्या दगडांवरून दम खात, गुडघ्यांना नाना देवांची नावे घ्यावयास लावीत गुहेत पोचावे, तो समोर भगवान बुद्ध शांतपणे पहुडलेले. एवढी चढण चढून आल्यावर ज्ञानी पुरुषाचा सल्ला शेवटी आडवे होण्याचाच आहे, हे पाहून मला परम समाधान झाले. आणि त्या समाधानाच्या भरात, तिसऱ्या दिवशी रबरी ट्यूबमध्ये पडून नदीतून वाहत येण्याच्या भाच्याच्या योजनेस मी संमती देऊन बसलो.

या वाहत येण्याचा इतिहास बोधप्रद आहे. 1999 च्या सुमारास गावाच्या वरच्या अंगाला एका शेतमालकाने, आपल्या तुतीच्या मळ्यात राबणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांना श्रमपरिहार व्हावा म्हणून, चाकांतल्या काही ट्यूब आणून दिल्या. म्हणजे प्रारंभी हा विसावा श्रमानंतरचा होता. जगाने त्यातला श्रम वगळून विसावा तेवढा उचलला. पुढील दहा वर्षांत दोन्ही काठांवर मद्यालये उठली, झोके टांगले गेले, घसरगुंड्या बांधल्या गेल्या. उथळ पाणी आणि सढळ मद्य यांच्या संयोगाने कित्येक तरुण प्राणांस मुकले. आणि अखेर 2012 साली सरकारने हुकूम काढून तो सारा बाजार उठविला. सरकारी हुकमाने नदीचा गोंगाट थांबल्याचे हे उदाहरण वाचून माझ्यातील निवृत्त नोकराचा ऊर भरून आला. हल्ली काठावर दोन-चार शहाणीसुरती मद्यालये तेवढी उरली आहेत.

ट्यूब देणाऱ्या दुकानात एक वीस-बावीस वर्षांची मुलगी बसली होती. "सबायदी" म्हणून तिने हात जोडले आणि एक छापील कागद पुढे केला. ट्यूबची अनामत वेगळी. सायंकाळी सहाच्या आत ट्यूब जमा न केल्यास तीतून दंड कापला जाईल. ट्यूब हरवल्यास अनामत जप्त. भाच्याने न वाचताच सही ठोकली. मी चष्मा लावून प्रत्येक कलम दोनदा वाचले, 'सायंकाळी' या शब्दाची व्याप्ती विचारली, अनामतीची पावती मागितली, ती छापील नव्हती म्हणून तिच्यावर शिक्का मागितला. शिक्का शोधण्यात बराच वेळ गेला. या अवधीत तीन राष्ट्रांची मुले आली, सह्या करून ट्यूब घेऊन निघूनही गेली. शेवटी माझ्या मनगटावर तिने शाईने ट्यूबचा क्रमांक लिहिला, आणि कोंडवाड्यातून सोडविलेल्या जनावराप्रमाणे भाच्यामागून मी टमटमीत चढलो, तेव्हा अडीच वाजून गेले होते.

नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे चार किलोमीटरांवर, आम्हांस उतरविण्यात आले. ट्यूबमध्ये बसणे ही कृती वर्णनास कठीण आहे. शरीराचा जो भाग खुर्चीने चौतीस वर्षे सन्मानाने धारण केला, तोच येथे सर्वांआधी थंड पाण्यात जातो. हातपाय चार दिशांस उरतात. आणि मनुष्य पाठीवर उलटलेल्या कासवाप्रमाणे आकाशाकडे पाहू लागतो. लक्ष्मण पुढे निघून गेला. राम गोल गोल फिरत मागून येऊ लागला.

डिसेंबरातली ती नदी. पावसाळ्यात म्हणे ती तास-दीड तासात माणसाला गावी आणून टाकते. हिवाळ्यात मात्र तिला काही घाई नसते. कडे हळूहळू माझ्याभोवती फिरत होते. एक कोळी जाळे फेकीत होता. बांबूच्या पुलावरून एक म्हातारी पाठीवर टोपली घेऊन चालली होती. पलीकडे एक म्हैस डोळे अर्धे मिटून पाण्यात बसली होती, आणि माझ्या मनात आले की, हिने अनामत भरलेली नाही, मनगटावर क्रमांक घातलेला नाही, हजारो मैलांचे भाडे दिलेले नाही; आणि तरीही आम्हा सर्वांना जे साधावयाचे आहे ते हिला साधले आहे. एवढा खटाटोप ज्यासाठी करावयाचा ते काहीही न करणे हेच असेल, तर मी कचेरीत ते विनामूल्य, किंबहुना पगार घेऊन, करीत होतो असे आमचे मामलेदार म्हणत. ते आठवून मला त्या संथ पाण्यातही किंचित ऊन लागले.

इतक्यात काठावरून एका पोराने दोरीला बांधलेली बाटली माझ्या दिशेने फेकली. बुडत्यांस वाचविण्याची ही सरकारी तजवीज असावी, या समजुतीने मी दोरी घट्ट धरली. त्याने मला ओढून थेट एका मद्यालयाच्या पायरीशी लावले. मी चहा मागितला, लिंबाचे सरबत आले. भाचा तेथे आधीच विराजमान होता. सरबत संपेतो ऊन कड्यांमागे गेले, पाणी गारठले, आणि पुढचा प्रवास आम्ही हातांनी पाणी मागे सारीत, खडकांवर ट्यूब घासत, शेवटी तर ती डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालत पुरा केला. बिऱ्हाड अखेर माझ्याही पाठीवर आले.

दुकानात पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बारा मिनिटे झाली होती. मुलीने घड्याळाकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. मी भिजलेल्या अवस्थेत शक्य तेवढ्या भारदस्तपणे सांगितले, की बाई, आम्ही वेळेवरच निघालो होतो. नदीलाच पाणी नव्हते. शिक्क्याचा मुद्दा मी काढला नाही. ती गोड हसली, "बो पेन यांग" म्हणाली. याचा अर्थ, काही हरकत नाही. मी कृतज्ञतेने हात पुढे केला. तिने अनामतीतून दंड कापून घेऊन उरलेल्या नोटा माझ्या ओल्या तळहातावर ठेवल्या. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही.

मला राग यावयास हवा होता. परंतु त्या क्षणी मला वैतरणेपलीकडच्या गावचा एक खातेदार आठवला. तगाईच्या अर्जाची मुदत सायंकाळी पाचची. तो आला पाच वाजून वीस मिनिटांनी, कमरेपर्यंत भिजलेला. "होडी बंद होती, रावसाहेब, पूर ओसरेतो काठावर बसून होतो," असे तो म्हणाला. मी घड्याळाकडे पाहिले, परिपत्रकाकडे पाहिले, आणि समासात शेरा लिहिला : 'नदीचे कारण ग्राह्य नाही.' चारच शब्द. त्या शेऱ्याची कचेरीत पुढे कित्येक दिवस वाखाणणी झाली. तो खातेदार काही न बोलता, पागोटे पिळून, परत गेला होता.

दंडाची पावती मी मागून घेतली. ती मजजवळ जपून ठेवलेली आहे. तिच्यावर त्या मुलीने आपल्या वाटोळ्या, सुबक लिपीत काहीतरी लिहिले आहे. मला लाओ वाचता येत नाही, आणि भाच्याने ते भाषांतर करवून आणू का म्हणून विचारले, तेव्हा मी नको म्हणालो. शब्द मोजून पाहावे म्हटले, तर त्या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही. तरी अंदाजाने ते चारच असावेत.