दोरीचा निरपराधपणा

हिरवळ कापणाऱ्या पेट्रोल यंत्राची, म्हणजेच लॉन मोअरची, ओढून इंजिन सुरू करण्याची दोरी तुटली की यंत्राचा मालक प्रथम दोरीलाच दूषणे देतो. वास्तविक जेमतेम चार मिलिमीटर जाडीची ही नायलॉनची दोरी त्या संपूर्ण यंत्रातील सर्वांत स्वस्त, सर्वांत आज्ञाधारक आणि बहुतेक प्रकरणांत पूर्णतः निरपराध असा घटक असून, इतरांनी केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा ती भोगत असते, असे थोड्या खोल चौकशीअंती आढळून येते.

यंत्राच्या आद्य अवतारात दोरी नव्हतीच. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन १८३० मध्ये जे गवत कापण्याचे यंत्र सिद्ध केले, ते माणसाने ढकलायचे होते, त्यामुळे ते चालत नसल्यास दोष कोणाचा याविषयी वादाला जागा नव्हती. छोटी पेट्रोल इंजिने आली आणि ही सोय संपली. आरंभीच्या अनेक इंजिनांत दोरी कप्पीभोवती हाताने गुंडाळून हिसका द्यावा लागे, हिसक्याबरोबर ती सुटून हातात येई, आणि इंजिनाने दाद दिली नाही तर ती पुन्हा गुंडाळताना मालकाला आत्मपरीक्षणास पुरेसा अवकाश मिळे. आपोआप परत गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीने हा अवकाश नाहीसा केला, आणि एकामागून एक हिसके देण्याची सोय झाल्यामुळे संतापाला यांत्रिक वेग प्राप्त झाला.

या परतणाऱ्या दोरीची रचना साधी आहे. इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाखाली एक कप्पी असते, तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते, आणि कप्पीला पोलादी पट्टीची वेटोळी स्प्रिंग जोडलेली असते. दोरी ओढली की कप्पीचे खटके, म्हणजे बाहेर सरकणारे छोटे दात, फ्लायव्हील या जड चाकाशी जोडलेल्या वाटीत अडकून इंजिन फिरवतात, आणि दोरी सैल सोडली की खटके आत जातात व स्प्रिंग कप्पीला उलट फिरवून दोरी परत घेते.

आता खरे आरोपी. अमेरिकेत १९८२ पासून लागू असलेल्या सुरक्षा नियमानुसार, चालत ढकलायच्या यंत्राची दांडीवरची पकड सुटताच पाते ३ सेकंदांच्या आत थांबावे लागते; पाते थांबवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे इंजिनच बंद पाडणे, असे बहुतेक उत्पादकांनी ठरवले. नियमाने असंख्य बोटे वाचवली यात शंका नाही, परंतु वाटेतली फांदी उचलायला किंवा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी हवामानाविषयी दोन शब्द बोलायला थांबणारा प्रत्येक सभ्य गृहस्थ त्यानंतर दोरीला नव्याने हिसडू लागला, ही त्या नियमाची दुसरी बाजू आहे. दुसरा आरोपी म्हणजे हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल. त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, पेट्रोल शिळे होऊन त्याचा चिकट थर कार्बुरेटरच्या, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाच्या, सुईएवढ्या छिद्रात बसतो, आणि वसंतात मालक हिसक्यावर हिसके देऊन दोरी झिजवतो. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थांच्या बाबतीत तिसऱ्या आरोपीचाही उल्लेख करावा लागतो, तो म्हणजे पूर्वसंस्कार. पुण्यात चेतक स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारण्यात ज्यांचे तारुण्य गेले, ते लॉन मोअरलाही त्याच श्रद्धेने कलते करतात. कार्बुरेटरची बाजू खाली गेली की इंजिनातले तेल हवेच्या गाळणीत उतरते, आणि ओढणाऱ्याचा दंड व दोरी यांपैकी आधी काय निकामी होते एवढेच पाहायचे उरते.

दुरुस्तीची सुरुवात स्पार्क प्लगची वायर काढण्यापासून करावी, कारण दुरुस्तीच्या भरात इंजिन सुरू झाल्यास त्याचा आनंद फार काळ टिकत नाही. झाकण सोडवून नवी दोरी जुनीच्याच जाडीची व लांबीची घ्यावी, आणि तिची टोके काडीने वितळवून घ्यावीत, नाहीतर वीण सुटत जाते. एवढ्यावर मालकाचा आत्मविश्वास वाढतो व तो स्प्रिंगची तपासणी करू लागतो. स्प्रिंग सुस्थितीत असेल तर तिला घराबाहेर काढू नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे. हातमोजे व चष्मा न घालता तो धुडकावणाऱ्याच्या अंगावर ती टोपलीखालून सुटलेल्या मांजरासारखी झेपावते आणि क्षणार्धात कित्येक फूट लांबीची पट्टी होऊन बसते.

खरे कौशल्य स्प्रिंगला आगाऊ पीळ देण्यात आहे. दोरी ओढताना कप्पी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ती घट्ट होईपर्यंत फिरवायची, मग साधारण एक फेरा मागे घेऊन कप्पीचे छिद्र झाकणाच्या छिद्रासमोर आणायचे, त्याच स्थितीत तिला पकडीने जखडायचे, आणि दोरी ओवून गाठ मारायची. हा एक फेरा सोडला नाही तर दोरी पूर्ण ओढताच स्प्रिंग तुटण्याची भीती असते, आणि उलट दिशेने पीळ दिला तर दोरी परत न जाता जिभेसारखी बाहेर लोंबत राहते. या कामाला दोन हात पुरत नाहीत. तिसरा हात बहुधा पत्नीचा असतो, आणि गाठ पडण्यापूर्वी पकड सुटली तर ती कोणाच्या हातून सुटली याविषयी उभयतांची मते निश्चितपणे भिन्न असतात. खटक्यांना हौसेने तेल लावण्याचा मोहही टाळावा, कारण तेलाला धूळ चिकटते, खटके बाहेर येईनासे होतात, आणि मग दोरी अत्यंत सुखाने ओढली जाते पण इंजिन जागचे हलत नाही.

नवी दोरी बसूनही यंत्र सुरू होत नाही, तेव्हा कुठे मालक शिळे पेट्रोल काढून कार्बुरेटर साफ करतो, आणि यंत्र पहिल्याच हिसक्याला सुरू होते. महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या सहलीत तो हे यश सविस्तर सांगतो, आणि त्या वृत्तांतात पेट्रोलचा उल्लेख नसतो. सगळा दोष दोरीचाच होता, ती बदलली आणि काम झाले, असेच तो सर्वांना ठासून सांगतो.