देशी रंधा कसा विकत घ्यावा

सर्वांत आधी घरात जाहीर करा की आपण सुतारकाम शिकणार आहोत आणि हत्यारे फक्त भारतीय बनावटीची घेणार आहोत. दुसऱ्या वाक्यामुळे पहिल्याला विरोध करणे लोकांना अवघड जाते. देशी हत्यारे स्वस्त असतात, हेही त्याच दमात सांगून टाका. ते खरेच आहे. पुढे लागणारी जाड काच, पॉलिश पेपर, थिनर आणि रविवार यांचा हिशेब सहसा कोणी मागत नाही.

आता देशी कशाला म्हणायचे ते ठरवा. खोक्यावर तिरंगा आहे एवढ्यावर भाळू नका. खोके उलटे करा. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे विकणारा, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ म्हणजे बनवणारा. माल आयात केलेला असेल तर आयातदाराचे नाव आणि मूळ देश छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र ती अक्षरे एवढी बारीक असतात की जवळच्या चष्म्याचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरलेला बरा. जालंधर, लुधियाना, नागौर यांपैकी एखादे नाव दिसले तर निर्धास्त व्हा. हातहत्यारांची मोठी कारखानदारी तिथलीच. मराठी अभिमान फारच उसळ्या मारत असेल तर पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर नाशिकच्या तपारियाचे घ्या, कानस रत्नागिरीतही कारखाना असलेल्या जे. के. फाइल्सची आणि ड्रिल मशीन शिरोळच्या केपीटीचे. यातल्या कशानेही फळी गुळगुळीत होत नाही, ही अडचण राहतेच. त्यासाठी रंधाच लागतो.

दुकानात (पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट) ‘छंद म्हणून’ हे शब्द उच्चारू नका. दुकानदार विचारील, “मिस्त्री कुठंय?” मिस्त्री पार्किंगला जागा शोधतोय असे सांगा. त्यानंतर “चार नंबर दाखवा” म्हणा. चार नंबर म्हणजे साडेनऊ-दहा इंच लांबीचा, दोन इंची पात्याचा लोखंडी रंधा. पाच नंबर साधारण चौदा इंची. हे नंबर ऐकून दुकानदाराचा तुमच्याविषयीचा आदर किंचित वाढेल. हे नंबर आणि हा अख्खा साचा अमेरिकेतल्या लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराचा असून त्याची पेटंटे १८६९ साली स्टॅन्ली कंपनीने घेतली, हे त्याला सांगू नका. स्वदेशी खरेदीच्या ऐन मुहूर्तावर कशाला?

रंधा हातात आला की प्रथम वजनाने खूश व्हा. बीड भरपूर घातलेले असते, त्यात कंजुषी नाही. मग तो उलटा करून तळावर पोलादी पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. पट्टीखालून उजेड दिसेल. दुसरा रंधा मागा. त्यातूनही दिसेल, फक्त वेगळ्या जागी. ज्यात तो सगळ्यांत कमी दिसेल तो बाजूला काढा आणि पाते सरकवणारा स्क्रू फिरवून पाहा. तो पुढे-मागे बराच वेळ नुसताच फिरला तर समजा की हे सर्वच रंध्यांत थोडेफार असते. पण अर्ध्या चकरेपेक्षा पुष्कळ जास्त असेल तर ठेवून द्या. पात्यामागचा बिडाचा उतार रंगाने माखलेला असेल. पाते जिथे टेकायचे नेमके तिथेही रंग देणाऱ्या कामगाराच्या उत्साहाला दाद द्या. तो रंग खरवडल्याशिवाय पाते थरथरायचे थांबत नाही.

एव्हाना तुमच्या ध्यानात आले असेल की हा रंधा अजून रंधा झालेला नाही. कारखान्याने बीड ओतले, वरवर घासले, पाते कापले आणि उरलेले तुमच्यावर सोपवले. इंटरनेटवरचे परदेशी गुरू याला हलका माल म्हणतात आणि सात-आठपट किमतीचा तयार रंधा सुचवतात. त्यांचे ऐकू नका. पैसे नसतील तर मुळीच ऐकू नका. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीने तयार रंधा विकत घेतला कधी? तो पाते घ्यायचा, बाभळीचा किंवा शिसवीचा ठोकळा कोरायचा, पाचर मारायचा आणि कामाला लागायचा. करवतीचे दात तोच तिकोनी कानशीने काढायचा आणि आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वाकवायचा. हत्यार पुरे करणे हे गिऱ्हाइकाचेच काम, अशी येथली वहिवाट आहे. कारखान्याने ती मोडली नाही, एवढेच. फरक असा की मिस्त्रीला ते यायचे, आणि तुम्ही शनिवारी संध्याकाळी सूचनापत्रक शोधत बसला आहात. खोक्यात सूचनापत्रक नसते.

तर काच आणा. निदान आठ-दहा मिलिमीटर जाडीची. टीपॉयवरची चालते, पण विचारून घ्या. तिच्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, रंध्याच्या तळावर मार्करने आडव्या रेघा मारा आणि घासा. पाते आत ओढून, पण जागेवर घट्ट आवळलेलेच ठेवा, कारण त्या ताणाने तळ किंचित वाकतो आणि कामाच्या वेळी तो तसाच असणार आहे. रेघा आधी टोकांच्या जातात, नाहीतर मधल्या. पाते जिथून बाहेर डोकावते त्या तोंडाच्या पुढची रेघ शेवटपर्यंत हटत नाही, आणि नेमकी तीच जायला हवी, लाकूड तिथेच दाबले जाते. मागच्या टोकाला चार रेघा राहिल्या तर राहू द्या. काळे हात घेऊन बाथरूमकडे जाताना पांढऱ्या स्विचला कोपर वापरावे.

पात्याची पाठ आधी, धार मागाहून. पाठ टोकाजवळ आरशासारखी सपाट झाली की पंचवीस अंशांचा उतार आणि टोकाला तीसची बारीक धार. त्यासाठी कार्बोरंडम युनिव्हर्सलचा दोन बाजूंचा दगड पुरतो. ही कंपनी मद्रासची, १९५४ पासूनची; स्वदेशीच्या यादीत बिनदिक्कत लिहा.

पटाश्यांबद्दल थोडक्यात. त्या लॅकरमध्ये बुडवून येतात, थिनरने पुसा. नव्या पटाशीची धार पहिल्याच गाठीवर दुमडली तर लगेच देशाला दोष देऊ नका. कारखान्यात घासताना टोक तापून मऊ पडलेले असते. एक-दोन मिलिमीटर झिजले की आत बरे पोलाद लागते. तिथेही कानस लोण्यासारखी चालली, तर मात्र खुशाल दोष द्या. काटकोनासाठी घ्यायचा गुण्याही दुकानातच तपासा: सरळ कडेवर टेकवून रेघ ओढा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन रेघांत फट पडली तर चूक तिच्या निम्मी. दुकानदार म्हणेल, “एवढं कोण बघतं?” तुम्ही.

मशीनचा मोह होईल. रंधा, करवत आणि भोके पाडणे एकाच बिडाच्या धुडावर करणारे देशी यंत्र मिळते आणि किमतीच्या मानाने ते दणकट असते. फक्त दर विचारताना पुढचे प्रश्न जोडीने विचारा: मोटर धरून का? पट्टा धरून का? स्टँड? पात्यावरचे संरक्षक झाकण? पहिल्या तिन्हींना “ते वेगळं” असे उत्तर येईल. चौथ्याला दुकानदार हसेल. झाकणाशिवाय यंत्र घेऊ नका, इथे थट्टा नाही. मोटर थ्री-फेज असेल तर तुमच्या घरची सिंगल-फेज वीज तिला चालणार नाही. शिवाय यंत्राचे वजन लिफ्टमधल्या पाटीशी ताडून पाहा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आदल्या दिवाळीपासून फराळ पाठवायला लागा. मार्बल कटरने लाकूड कापणारे मिस्त्री सगळीकडे दिसतात. त्यांची बोटे मोजा आणि ते अनुकरण टाळा.

एवढे करूनही लोखंडी रंधा नकोसा झाला, तर दुकानदाराला विचारा, “नुसतं पातं आहे का?” तो पहिल्यांदा तुमच्याकडे नीट बघेल आणि खालचा खण ओढेल. पाते घ्या आणि तसेच लाकडाच्या वखारीत जा. बाभळीचा हातभर ठोकळा मागा, उभ्या रेषांचा, गाठ नसलेला. “वाळलेला आहे ना?” असे मात्र वखारवाल्याला विचारू नका. तो हो म्हणेल. तिथेच वजन करून किलो-ग्रॅम ठोकळ्यावर लिहून ठेवा, घरी कपाटावर टाका आणि महिन्या-महिन्याने पुन्हा तोला. उन्हाळ्यात लागोपाठ दोन महिने आकडा हलला नाही की कोरायला घ्या.