विषय : गरजेपोटी दिलेले चौथे मत नियमित करण्याबाबत

प्रति,
माननीय पक्ष,
(नाव आणि चिन्ह सध्या ज्यांच्या ताब्यात असेल, त्यांनीच पाकीट फोडावे.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी नवी मुंबईत राहणारा आपला जुना मतदार आहे. दिनांक 15 जानेवारी 2026 रोजी झालेल्या महापालिका निवडणुकीत माझ्या हातून एक वाढीव बांधकाम झालं आहे. ते पाडू नये, नियमित करून द्यावं, एवढीच मागणी.

पाकिटावर आपलं नाव मुद्दाम घातलं नाही. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंद्यांना दिला, 6 फेब्रुवारी 2024 ला घड्याळ अजितदादांना. तेव्हापासून नाव घालून पत्र टाकलं तर ते भलत्याच्याच हाती पडायचं अशी धास्ती वाटते. आमच्या सोसायटीत वारसांच्या भांडणात एखादा फ्लॅट अडकला की सेक्रेटरी मेंटेनन्सचं बिल दाराच्या फटीतून आत सरकवतो आणि निघून जातो. आत जो राहत असेल त्याने भरावं. हे पत्र तसंच समजा.

आता गुन्हा कसा घडला ते सांगतो. यंदा शहराचे 28 प्रभाग झाले. सत्तावीस प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात तीन, मिळून 111. म्हणजे आमच्यासारख्याला एका फेरीत चार मतं. केंद्र शाळेच्या वर्गात होतं. भिंतीवर बाराखडी, समोर मशीन, आणि मशीनवरही अ, ब, क, ड. अ मध्ये आपलं चिन्ह शोधलं, दाबलं. ब मध्ये दाबलं. क मध्ये दाबलं. बोटाला इतक्या वर्षांची सवय आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. ड वर आलो आणि बोट अडलं.

अडलं त्याला कारण आपला ड चा उमेदवार. मागच्या खेपेला हेच गृहस्थ समोरच्या पक्षाचे म्हणून आमच्या गेटवर हात जोडून उभे होते, आणि त्यांना पाडा म्हणून आपणच सांगत होतात. यंदा आपल्या फ्लेक्सवर त्यांचा तोच फोटो. तेच हसू, तीच अंगठी. उपरण्याचा रंग तेवढा बदललेला. बदलणाऱ्या पोराने घाईत डाव्या खांद्याजवळची कड तशीच सोडली होती, तिथून जुना रंग बोटभर डोकावत होता. मी रोज भाजी आणायला जाताना ती कड बघायचो. मशीनसमोर तीच आठवली.

मग काय करणार? चारही मतं पडल्याशिवाय मशीन सुटका करत नाही. मी चष्मा सारखा केला आणि कपाटाच्या चिन्हासमोरचं बटण दाबलं. लांबलचक बीप वाजला. मला तो शाळा सुटल्याच्या घंटेसारखा वाटला, पण बाईंनी नुसतंच ‘झालं काका, या’ म्हटलं.

कपाट कोणाचं, हे खरं सांगायचं तर मला धड माहीत नाही. एक मुलगा संध्याकाळी एकटाच आला होता. ना ढोल, ना गाडी. पाणी प्याला आणि टँकर कोणत्या वारी येतो ते विचारून हातावर लिहून घेतलं. पत्रक द्यायला विसरला, पुन्हा जिना चढून आला. तो पडला. डिपॉझिटही गेलं. माझा मेहुणा तेव्हापासून मला ‘फुकट मत’ या नावाने हाक मारतो.

त्या फुकटाचा हिशेब मी आपल्यासमोर मांडतो, कारण आपलं सगळं दुकान त्या एका शब्दावर चालतं. 2024 च्या विधानसभेला बेलापुरात मंदाताई म्हात्रेंना 91,852 मतं पडली, संदीप नाईकांना 91,475. फरक 377. म्हणजे आमच्यासारख्या तीन-चार सोसायट्यांनी दुपारी झोप काढली असती तर आमदार बदलला असता. मेहुण्याच्या न्यायाने ती 91,475 मतं फुकट गेली. ती सगळी अगदी पहिल्या रांगेतल्या, येणार-येणार म्हणून गाजलेल्या उमेदवाराला पडली होती. कपाटाच्या वाट्याला एवढं फुकट कधी येणार?

निष्ठेबद्दल आपण मला बोलाल हे गृहीत धरून पुढचा मजकूर लिहितो. या शहराला निष्ठेचा फार मोठा इतिहास आहे. 1995 ला पहिली महापालिका शिवसेनेची, महापौर संजीव नाईक. पुढे नाईकांचं घर राष्ट्रवादीत गेलं, तशी महापालिकाही उठून पाठोपाठ गेली. 2015 ला 111 पैकी राष्ट्रवादीच्या 52 आणि भाजपच्या 6 जागा आल्या. सप्टेंबर 2019 मध्ये गणेश नाईक भाजपमध्ये गेले, मागोमाग बहुतेक नगरसेवक गेले, आणि मत मागायला दारात कोणी न येताच आमची महापालिका सहावाल्यांकडे झुकली. मे 2020 मध्ये मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. त्या काळात मी निष्ठा नेमकी कोणाच्या चरणी वाहत होतो, हे आपण एकदा लेखी कळवावं.

2024 ला तर वडील गणेश नाईक ऐरोलीत कमळावर आणि मुलगा संदीप शेजारच्या बेलापुरात शरद पवारांच्या तुतारीवर, एकाच दिवशी. यंदा मंत्रालयात शेजारी बसणारे भाजप आणि शिंद्यांची शिवसेना इथे एकमेकांसमोर लढले, आणि भाजपने बाजी मारली. यात पहिला कोण, दुसरा कोण आणि तिसरा कोण, हे ठरवताना आमची बोटं कमी पडतात. एका घराला एका दिवशी दोन चिन्हं चालतात, मग माझ्या एका बोटाला चारांत एक का नको?

चिन्हावरची निष्ठा धोक्याची असते हे आमच्या जिन्यातल्या तात्यांना विचारा. माथाडी, कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहून पाठ कमानीसारखी झालेली. गाव सातारचं. मार्च 2014 मध्ये इथल्या माथाडींच्या मेळाव्यात शरद पवार म्हणाले होते की, साताऱ्याला मतदान आधी आहे, तिथे घड्याळावर शिक्का मारून या, शाई पुसा आणि इथेही मारा. आयोगाने विचारल्यावर ते थट्टेत बोललो म्हणाले. तात्या अजून ती थट्टा सांगून हसतात. 2024 च्या लोकसभेला मात्र हसायचं थांबले. साताऱ्यात तुतारीचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले, आणि पिपाणीच्या चिन्हावरचा कोणी अपक्ष 37,062 मतं घेऊन गेला. चिन्हांच्या यादीत पिपाणीचंही नाव तुतारीच होतं. त्यातली चुकून पडलेली किती आणि मनापासून किती, हे देवच जाणे. तात्यांच्या मते गावाकडची माणसं निष्ठेने गेली आणि पिपाणी फुंकून आली. महाराष्ट्रात तिसऱ्याला एवढी मतं पडायला दुसऱ्याशी घोटाळा व्हावा लागतो!

आणि तिसरे काय देतात, असं आपले कार्यकर्ते हसून विचारतात म्हणून जरा खाली बसून ऐका. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या. राज्य काँग्रेसचं. या पट्ट्यात लाल झेंडा शेतकरी कामगार पक्षाचा, आणि पुढारी दि. बा. पाटील. त्या पक्षाला मुंबईत कधी मुख्यमंत्री बसवता आला नाही. पण जानेवारी 1984 मध्ये जासईला आणि दास्तान फाट्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी लोक उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळवली गेली. आमची इमारत तसल्याच भूखंडावर उभी आहे. आपलं शाखा कार्यालय आमच्याच तळमजल्यावर आहे, म्हणजे आपणही फुकट गेलेल्या मतांच्याच जागेत बसता. त्या पक्षाच्या वाट्याला पुढे काय आलं? 1998 आणि 1999 ला त्याच्या चिन्हावर खासदार झालेले रामशेठ ठाकूर नंतर काँग्रेसमध्ये गेले, आणि घर पुढे भाजपमध्ये. दिबांचं नाव मात्र विमानतळाला द्या म्हणून आज सगळेच पक्ष एका सुरात ओरडतात. जिवंतपणी त्यांना मत द्यायचं, तर ते फुकट जाईल म्हणायचे.

असो. मूळ अर्जाकडे येतो.

जमिनी गेल्या, कुटुंबं वाढली, मग गावठाणांत मजल्यावर मजले चढले. त्यांना आपण सगळ्यांनी मिळून ‘गरजेपोटीची घरं’ असं प्रेमळ नाव दिलं आणि दर निवडणुकीला ती नियमित करण्याचं वचन दिलं. माझं चौथं मतही गरजेपोटीच आहे. तीन मतांच्या मंजूर आराखड्यात माझा राग मावेना, म्हणून एक खोली वर काढली. पाया आपलाच आहे. काळजी नसावी.

तरीही हरकत असेल, तर मत हस्तांतरणासाठी आपलं ना हरकत प्रमाणपत्र द्यावं. नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर सहसा कोणी सातबाऱ्याचा मालक नसतो. साठ वर्षांचा भाडेपट्टा असतो आणि विकायचं झालं की हस्तांतरण शुल्क. आपणही मला तसंच धरून चालला आहात. मी शुल्क भरायला तयार आहे. आजवर ऐकलेल्या भाषणांचे तास त्यात वळते करून घ्यावेत, आणि थकीत निष्ठेच्या दंडासाठी मालमत्ता करासारखी एखादी अभय योजना काढावी, म्हणजे माझ्यासारखे आणखी बरेच रांगेत येतील. नुसत्या आमच्या विंगमध्ये सहा आहेत. रात्री कचरा टाकायला खाली आले की हळूच सांगतात.

बिल्डर वर्षानुवर्षं कागद करून देत नाही, तेव्हा सोसायटी उपनिबंधकांकडे जाऊन मानीव अभिहस्तांतरण करून घेते. बिल्डर त्या सुनावणीला येतच नाही. या अर्जाला पुढच्या निवडणुकीपर्यंत उत्तर आलं नाही, तर क च्या बटणाबाबतही मी तोच मार्ग धरेन.

सोबत डाव्या तर्जनीची झेरॉक्स जोडली आहे. शाई अजून दिसते.

कळावे,
आपला तीन चतुर्थांश विश्वासू